जाळलेले चाळीस नंबर

माझा भाचा खारघरला राहतो आणि कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. परवा त्याच्याकडे इंटरनेटची पेटी बसवायला माणूस आला होता. त्यानं पेटी उलटी केली, खालच्या चिकटपट्टीवरचा लांबलचक नंबर वाचला आणि फोनवर कुणालातरी सांगितला. मी भाच्याला विचारलं, हा नंबर येतो कुठून, माहीत आहे का? तो म्हणाला, "मावशी, तो असतोच. प्रत्येक मशीनला असतोच."

असतोच! माझ्या नाकावर राग तसा कायमचा बसलेला असतो, त्याला फक्त निमित्त लागतं. असतोच म्हणजे काय? आंब्यात कोय असते तसा? तो नंबर कुणीतरी खुर्चीवर बसून घातलेला असतो. मी घातले आहेत, हजारांनी. आणि त्यातल्या चाळीस नंबरांपायी माझ्या घरातली एकुलती एक नोकरी जायची वेळ आली होती. भाच्याला सगळं सांगायला बसले तर त्याची कसलीशी मीटिंग सुरू झाली. म्हणून लिहायला घेतलं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आमचं गाव खाडीकाठचं. नव्या शहरासाठी आणि कारखान्यांसाठी आमची भातशेती गेली, मिठागर गेलं, आणि त्या बदल्यात थोडे पैसे आणि घरटी एक दाखला मिळाला. ह्या घराची जमीन गेली आहे, घरातल्या एकाला नोकरीत घ्यावं, असा तो दाखला. नोकरी लागली की दाखल्याच्या पाठीवर शिक्का पडायचा. मग ती नोकरी टिकली काय, सुटली काय, त्याच दाखल्यावर दुसरी मिळत नसे. माझा भाऊ तेव्हा शाळेत होता. भावकीचं म्हणणं, चार वर्षं थांबा, मुलगा मोठा होऊ दे, मुलगी काय, उद्या सासरी जाईल आणि दाखलाही घेऊन जाईल. बाबांनी ऐकलं नाही. "ती धावी पास हाय. ती जाईल," एवढंच ते म्हणाले. भावकी वर्षभर आमच्याशी तुटक वागली.

मी लागले ती महापेच्या एका कारखान्यात. तिथं कॉम्प्युटरच्या पोटात बसवायची कार्डं बनत. तेव्हा कचेऱ्यांमधून पाच-दहा कॉम्प्युटर एका वायरनं एकमेकांना जोडायला नुकती सुरुवात झाली होती. ती वायर ह्या कार्डात येऊन शिरायची. आता एकाच वायरवर दहा जण असले तर निरोप कुणाचा, हे कळणार कसं? म्हणून प्रत्येक कार्डाला स्वतःचा नंबर. पोस्टमनला घर नंबर लागतो तसाच. फरक इतकाच, की घर नंबर चार गल्ल्या सोडून परत येतो, हा नंबर साऱ्या जगात परत येता कामा नये.

नंबर बारा खुणांचा. पहिल्या सहा खुणा परदेशातून यायच्या. तिथं एक कचेरी होती, ती प्रत्येक कारखान्याला त्याच्या नावाच्या सहा खुणा नेमून द्यायची. आडनाव म्हणा ना. पुढच्या सहा खुणा मात्र ज्याच्या त्याच्या. त्या कुठल्या साहेबाच्या डोक्यातून येत नव्हत्या की यंत्रातून आपोआप उगवत नव्हत्या. त्या ओळीनं, एकापुढे एक, मी घालत होते. आणि मोजणी दहाची नव्हे, सोळाची. शून्य ते नऊ झाले की ए, बी, सी, डी, ई, एफ, आणि मग पुढचं घर. पहिल्या दिवशी सुपरवायझरनं फळ्यावर हे लिहून विचारलं, "ए, तुम्हा गाववाल्या पोरींना जमणार का? सोळाचं टेन्शन येईल." मी म्हटलं, सोळा सोमवार करतो आम्ही, सोळापर्यंत मोजायला आम्हाला कुणी शिकवायला नको. तेव्हापासून त्याच्या मनात माझ्याबद्दल अढी बसली असावी. बसू दे.

नंबर एका छोट्या चिपमध्ये लिहायचा. लिहायचा म्हणजे जाळायचा. चिपच्या आत केसाहून बारीक तारा असत. नंबरप्रमाणे काही तारा जाळायच्या, काही ठेवायच्या. एकदा जळली की जळली, खोडरबर नाही. टेबलावर एक मशीन, त्यावर एक खाच आणि बारीक दांडी. चिप खाचेत ठेवायची, दांडी दाबायची, बटण दाबायचं. लाल दिवा, मग हिरवा. मशीन पुढचा नंबर स्वतः मोजून तयार ठेवायचं. तेवढी अक्कल त्याला होती. आठवण मात्र नव्हती. वीज गेली किंवा मशीन बंद केलं की कुठवर आलो होतो ते साफ विसरायचं. म्हणून वही. वीस चिपा झाल्या की वीस नंबर वहीत लिहायचे, मग पुढच्या वीस. सकाळी वहीतली शेवटची ओळ बघायची आणि तिच्या पुढचा नंबर मशीनला सांगायचा. जगात दुसरा नाही अशा नंबरांची सगळी भिस्त माझ्या त्या लाल कापडी पाठीच्या वहीवर होती. मला त्याचा गर्व होता, आणि तो मी लपवतही नव्हते.

आता खंडेनवमीची गोष्ट.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा. सगळी मशीनं बंद करायची, पुसायची, हळदकुंकू लावायचं, झेंडूचं फूल ठेवायचं. आमच्या विभागात मशीनबरोबर वह्याही पूजेला ठेवत. पाटावर लाल कापड, त्यावर माझी वही, वहीवर नारळ. पूजेतली वही दसऱ्यानंतर पूजा उचलेपर्यंत उघडायची नाही. हे सगळं मी मानते, आजही मानते. पूजा झाली, प्रसाद झाला, आम्ही पदर खोचून घरी निघणार इतक्यात आमच्या विभागाचे साहेब धावत आले. एका मोठ्या कचेरीची चाळीस कार्डं आजच्या आज हवीत, त्यांचा ट्रक संध्याकाळी येतो आहे. कार्डं तयार आहेत, फक्त नंबर जाळायचे राहिलेत.

साहेबांनी मशीनवरचं फूल स्वतः उचललं, डोळ्यांना लावलं, हात जोडून माफी मागितली आणि मशीन सुरू केलं. वही उघडायची गोष्ट निघाली तशी मात्र साहेब आणि सुपरवायझर दोघंही मागं सरले. नारळ ठेवलाय, हलवायचा कसा? मशीन चालवलेलं देवाला चालतं आणि वही उघडलेली चालत नाही, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. सकाळी मशीन बंद करण्याआधी मी शेवटचा नंबर तळहातावर लिहून ठेवला होता, म्हणून काम तरी सुरू झालं. मी चाळीस चिपा जाळल्या आणि चाळीस नंबर एका सुट्या कागदावर लिहिले. कागद सुपरवायझरच्या हातात दिला. तो म्हणाला, "टेन्शन नको घेऊ, देवाजवळच ठेवतो," आणि त्यानं माझ्या डोळ्यांदेखत तो कागद घडी करून पाटावर, झेंडूच्या फुलांखाली सरकवला.

दसऱ्यानंतर माझी तीन दिवस रजा होती, मामेबहिणीच्या साखरपुड्यासाठी. ह्या तीन दिवसांत शिपायानं पूजा उचलली, फुलं, पानं, सुपाऱ्या, अक्षता, जे काही पाटावर होतं ते पिशवीत भरलं आणि निर्माल्य म्हणून खाडीत सोडून आला. कागदही गेला. सुपरवायझरनं वही उघडली, शेवटची ओळ बघितली आणि तिच्यापुढून मशीन सुरू केलं. म्हणजे मी खंडेनवमीला जाळलेले तेच चाळीस नंबर त्यानं परत जाळले. स्वतःच्या अक्षरात वहीत लिहिलेही. मी परत आले तेव्हा त्याचं अक्षर दोन पानं भरून पुढं गेलं होतं. मागचं पान मी उलटून बघितलं नाही. ही माझी चूक. मी ती तेव्हाही कबूल केली, आजही करते.

दोन महिन्यांनी बोंब झाली. त्याच मोठ्या कचेरीनं आणखी कार्डं मागवली होती, आणि जुनी-नवी एका वायरवर जोडल्यावर तमाशा सुरू झाला. एक कॉम्प्युटर चालू केला की दुसरा अडायचा, दोन्ही चालू केले की एकाचा निरोप दुसऱ्याला. त्यांचा इंजिनिअर आठवडाभर वायरी बदलत बसला. शेवटी त्यानं कार्डं उपसून नंबर वाचले, तर दोन कार्डांवर एकच नंबर. मग आणखी दोन. मग आणखी. कचेरीनं कळवलं, लेखी खुलासा द्या, नाहीतर सगळा माल परत.

खुलाशाला माणूस लागतो. साहेबांच्या केबिनमध्ये मला बोलावलं. सुपरवायझर आधीच उभा होता. टेबलावर टाईप केलेला कागद. मला वाटलं, माझ्याकडून हकिकत मागतील. हकिकत त्यांनीच लिहून ठेवली होती. खंडेनवमीला कारखाना पूजेनिमित्त बंद होता, काम झालेलं नाही. नंतर सोळाची मोजणी नीट न समजल्यामुळे, माझ्या अज्ञानामुळे, माझ्या हातून चाळीस नंबर दोनदा जाळले गेले, मी माफी मागते. खाली माझ्या सहीची जागा.

मी साहेबांकडे बघितलं. म्हटलं, "सर, फूल तुम्हीच उचललंत ना?"

साहेब खिडकीकडे बघत म्हणाले, "मला नीट आठवत नाही. मालकांना मी कळवलं होतं, त्या दिवशी काम बंद होतं."

"माझा कागद?"

सुपरवायझर म्हणाला, "कसला कागद? ए बाई, पूजेत कोण कागद ठेवतं?"

साहेबांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, सही केलीस तर पॅकिंगला पाठवतो, नोकरी राहील. नाही केलीस तर सोमवारपासून येऊ नकोस. दोन दिवस विचार कर.

एवढा संताप मला आयुष्यात कधी आला नाही. चुकीचं खापर माझ्यावर फोडलं ह्याचा नव्हे. पॅकिंगलाही मी गेले असते. पण अज्ञान? सोळाची मोजणी समजत नाही? त्या मशीनसमोर मी दोन वर्षं बसले होते, एक अंक इकडचा तिकडे झाला नव्हता. नंबर ओळीनं लागतो कसा हे त्या दोघांपेक्षा मला जास्त कळत होतं. आणि ते कागदावर लिहून मागत होते की मला कळत नाही.

मी कागद घेऊन घरी गेले. बाबा ओटीवर जाळं विणत बसले होते. त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, भावकीसमोर उभा राहिलेला माणूस आहे, माझ्या बाजूनं उभा राहील. बाबांनी जाळं खाली ठेवलं.

"कर सही," ते म्हणाले. "कर नि मोकली हो."

"बाबा, खोटं हाय ते."

"असूं दे खोटा. दाखल्यावर शिक्का परलाय. ही गेली तं घरात दुसरी नाय. मी लोकांना काय तोंड दाखवू? माज्यासाठी कर गो."

बाबांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं ते हे. मी चिडले. त्यांनाही बोलले. म्हटलं, तुम्ही मला दाखला दिलात तो ह्याच्यासाठी का, की मी मला काही कळत नाही म्हणून लिहून देऊ? आई आतून म्हणाली, बापाशी अशी बोलतेस? मी त्या दिवशी जेवले नाही, आणि आईनंही ताट परत उचलून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याच्या गेटवर मी थबकले. गेटवर पहारा करणारे काका आमच्याच गावचे. गेटची केबिन त्यांच्याच शेताच्या बांधावर उभी होती. जमीन गेली तेव्हा सरकारी मोजणीदाराच्या वहीत त्यांचे चार गुंठे कमी लागले. काका ओरडून दमले, पण त्यांच्याकडे लिहिलेलं काही नव्हतं. तेव्हापासून त्यांना एकच खूळ लागलेलं. गेटातून जे बाहेर जाईल ते लिहायचं. कंपनीच्या रजिस्टरात फक्त किती खोकी गेली एवढाच रकाना होता. काका प्रत्येक खोक्यावरच्या चिकटपट्टीवर, आतल्या कार्डाच्या नंबरासकट, जे असेल ते सगळं उतरवून काढत. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. ए त्यांना घराच्या छपरासारखा वाटायचा आणि बी दोन पोटांचा. चित्र काढावं तसे ते नंबर चितारत आणि ट्रकवाले खोळंबून शिव्या घालत. आम्ही पोरी त्यांना हसायचो. मीही हसले होते.

मी विचारलं, "काका, खंडेनवमीला माल गेला होता?"

काकांनी पान उलटायलाही वेळ घेतला नाही. "गेला की. चालीस खोकी. चार वाजता. गेट पासवर सायबाची सही हाय."

"नंबर?"

"लिवलेत."

मी रजिस्टर मागितलं. काका म्हणाले, "तुज्या हातात नाय देनार. हिसकावतील. चल, मीच येतो." गेट सोडून जाणं म्हणजे त्यांच्या नोकरीवरही गदा. मी म्हटलं, काका, राहू द्या. तोवर त्यांनी टोपी घातली होती आणि रजिस्टर काखेत मारलं होतं.

केबिनमध्ये शिरताना आम्ही विचारलंही नाही. साहेब म्हणाले, वॉचमन, गेटवर कोण आहे? काका म्हणाले, कोनी नाय. आणि त्यांनी रजिस्टर टेबलावर उघडं ठेवलं. चाळीस ओळी. छपरासारखे ए, फुगलेले बी, एकेक अंक सुपारीएवढा. कडेला तारीख, वेळ, ट्रकचा नंबर. आणि पानाला टाचलेला गेट पास, साहेबांच्या सहीचा. वाटेत विभागातून मी माझी लाल पाठीची वही उचलून आणली होती, ती शेजारी उघडली. हळदीचे डाग पडलेलं पान. वरच्या ओळी माझ्या अक्षरात, खालच्या सुपरवायझरच्या. काकांच्या पानावरचा पहिला नंबर आणि सुपरवायझरच्या अक्षरातला पहिला नंबर मी बोटानं दाखवला. मग दुसरा. मग तिसरा. मी चाळीसही दाखवणार होते. बाराव्याला साहेब म्हणाले, "पुरे."

मी म्हटलं, "पुरे कसं? सोळाची मोजणी मला समजत नाही ना? पूर्ण मोजून दाखवते."

आणि मी मोजून दाखवली. मोठ्यानं. दाराबाहेर पोरी जमल्या होत्या, त्यांनी ऐकली. सुपरवायझरवर मला दया आली नाही. कुणी विचारलं तर आजही येत नाही.

साहेबांनी माफी वगैरे मागितली नाही. साहेब लोक मागत नाहीत. ते म्हणाले, झालं गेलं, खुलासा मी माझ्या नावानं पाठवतो, तू कामाला जा. काकांना म्हणाले, गेट सांभाळा. त्यांनी तो टाईप केलेला कागद घडी करून ड्रॉवरमध्ये टाकायला घेतला. मी हात पुढं केला. म्हटलं, तो माझ्याकडे द्या. ते म्हणाले, आता त्याचं काय करायचंय, त्याला अर्थ नाही. मी म्हटलं, अर्थ नाही तर द्यायला हरकत काय? दारात एवढे लोक उभे होते म्हणून दिला असेल. दिला.

ते चाळीस नंबर पुढं मीच दुरुस्त केले. कचेरीकडून कार्डं परत आली, एकेक चिप उपटून काढली, नव्या चिपा जाळल्या. मधले दिवस कुणी माझ्याशी उगाच बोललं नाही, आणि माझं त्यामुळे काही अडलंही नाही.

केबिनमधून तो कागद घेतला त्या संध्याकाळी मी घरी गेले. बाबा ओटीवरच होते. जाळं तसंच बाजूला पडलेलं, हात लावलेला नव्हता. मी कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. बाबांना वाचता येत नव्हतं. पण कागदाच्या खाली कुठं बघायचं असतं, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी कागद उजेडाकडे धरला आणि खालच्या कोपऱ्यातल्या कोऱ्या जागेवर अंगठा फिरवला. एकदा, परत एकदा.

"नाय केलीस?"

"नाय. नोकरी हाय, बाबा. उद्या जायचंय."

मला वाटलं, ते हसतील. ते कागदाकडेच बघत राहिले.

"जमिनीच्या कागदावर बी एवरीच जागा कोरी व्हती," ते म्हणाले. "सगल्यांनी सांगतला, लाव अंगठा नि मोकला हो. मी लावला."